ग्लेनच्या सुट्टीसाठी लिहिलेलं मॅन्युअल

आयुष्यात मी बरंच लिहिलं, आणि त्यातलं बहुतेक सगळं बाहेरच्या कुणी वाचू नये अशीच माझ्या कंपनीची इच्छा होती. इतरांची पुस्तकं खपावीत म्हणून निघतात, माझी कपाटात राहावीत म्हणून निघायची. हे वाचून कुणाला वाटेल, बाई हेरखात्यात होती की काय. तसलं काही नाही हो. मी सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहायची, आणि तीही गिऱ्हाइकाला दिसत नाहीत अशा आतल्या फंक्शनांची, म्हणजे प्रोग्रॅमच्या पोटात एकेक नेमकं काम करणाऱ्या भागांची.

ऐंशीच्या दशकात आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात राहत होतो. सुधाकर, म्हणजे माझा नवरा, विद्यापीठात मातीवर संशोधन करायचा. मी नागपूरहून गणितात एमएस्सी करून आलेली, आणि इथे काम काय, तर विद्यापीठाच्या बसमधून लायब्ररीत जायचं आणि परत यायचं. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात मी पेपरातल्या जाहिराती बघायला लागले. एक दिसली: साधं इंग्रजी लिहिता येणारं आणि गणिताला न घाबरणारं माणूस पाहिजे. म्हटलं, हे तर आपलंच वर्णन आहे.

ऑफिस एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून दिवसभर ड्रिलचा आवाज यायचा. मालकाचं नाव फिल, गोल चेहऱ्याचा, अत्यंत उतावळा माणूस. त्याने माझ्यापुढे प्रोग्रॅमचं एक पान सरकवलं आणि विचारलं, "यातलं काय कळलं नाही?"

"काहीच कळलं नाही," मी म्हटलं. "पण पहिल्या ओळीपासून विचारत जाऊ का?"

मी विचारत गेले, तो उत्तरं देत गेला, आणि तिसऱ्या ओळीला त्याची उत्तरं संपली. तिथेच त्याने मला नोकरी दिली आणि माझ्या नावाचं 'सू' करून टाकलं. म्हणाला, "ज्याला कळतं तो आमच्याकडे आहे. विचारणारं कुणी नाही." ज्याला कळतं तो म्हणजे ग्लेन.

आता धंदा काय होता ते थोडक्यात सांगते. प्रोग्रॅमर लिहितो ते माणसाला वाचता येईल अशा भाषेत, कंपायलर त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो. मोठा प्रोग्रॅम अनेक फायलींत वाटलेला असतो आणि प्रत्येकीचं रूपांतर स्वतंत्र होतं. त्या रूपांतर झालेल्या तुकड्याला ऑब्जेक्ट फाइल म्हणतात. तुकडा अर्धवटच असतो. त्यात मोकळ्या जागा असतात, की इथे अमक्या फंक्शनचा पत्ता येणार आहे, पण ते दुसऱ्या फाइलीत आहे, तेव्हा नंतर भरा. ते भरता यावं म्हणून प्रत्येक तुकड्यात नावांचा एक तक्ता असतो. इथपर्यंत सोपं आहे. पण त्या काळात दर कंपनीचं मशीन वेगळं आणि दर मशीनच्या फायलींची मांडणी वेगळी. आमची लायब्ररी, म्हणजे C या भाषेत लिहिलेल्या तयार फंक्शनांचा संच, या सगळ्या मांडण्या वाचू शकायची, आणि तीच आम्ही टेपवर घालून विकायचो. गिऱ्हाइकाला वापरायला मोजकी फंक्शनं दिलेली होती. त्यांच्यामागे राबणारी शेकडो आतली फंक्शनं होती, खानावळीच्या भटारखान्यासारखी. तिथे गिऱ्हाइकाने डोकवायचं नाही.

ही सगळी आतली फंक्शनं एकट्या ग्लेनने लिहिली होती. पन्नाशी उलटलेला, उंच, दाढीवाला, खिशात कायम सफरचंद. फंक्शनवर एक ओळ स्पष्टीकरण लिहील तर शपथ. "नावावरूनच कळतं," असं तो म्हणायचा. आणि नावं कशी? काही मशीनं तेव्हा नावाची पहिली सहाच अक्षरं ओळखायची, त्यामुळे ग्लेन नावातले स्वर काढून टाकायचा. नुसती व्यंजनं बघून काय कळणार, कपाळ? सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यात होतं, आणि म्हणूनच त्याला सुट्टी मिळत नव्हती.

ही सुट्टीची भानगड मला पहिल्यांदा त्याची बायको लॉइस हिने सांगितली. लॉइस शाळेत शिकवून निवृत्त झालेली, ठेंगणी आणि ठसकेबाज. तिने आम्हां दोघांना जेवायला बोलावलं होतं. सुधाकर आणि ग्लेन मातीवर बोलत बसले, आणि ही मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"लग्न झाल्यापासून एक सुट्टी आम्ही पूर्ण केलेली नाही," ती म्हणाली. "समुद्रावर गेलो, फिलचा फोन. माझ्या भावाकडे गेलो, फिलचा फोन. एकदा जंगलात तंबू ठोकला, तर रेंजर जीप घेऊन शोधत आला. म्हणे ऑफिसला फोन करा, अर्जंट आहे. सू, मला कारने पॅसिफिकपर्यंत जायचंय. ऑरेगनला बहीण राहते माझी. महिनाभर जायचंय आणि मध्ये एकही फोन नकोय. या उन्हाळ्यात तो आला नाही तर मी एकटी जाणार आहे, आणि परत येईनच असं नाही."

शेवटचं वाक्य ती हसत बोलली, पण हातातलं फडकं तिने पिळून पिळून कोरडं केलं होतं. मला वाईट वाटलं आणि फिलचा रागही आला. नागपुरी तोंड ते, गप्प कसं बसणार. दुसऱ्या दिवशी फिलला जाऊन सांगितलं, की ग्लेनला महिनाभर सोड. तो म्हणाला, "आनंदाने. आतल्या सगळ्या फंक्शनांचं मॅन्युअल तयार कर आणि मला दाखव की त्याच्यावाचून काम चालतं. मग मंगळावर जाऊ दे त्याला." फिलने चेंडू माझ्याच अंगणात टाकला होता. लॉइसची सुट्टी आता माझ्यावर अवलंबून होती.

काम करायची पद्धत अशी. मॅन्युअल वेगळं लिहायचं नाही. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर, प्रोग्रॅमच्या फाइलीतच, कमेंट लिहायची. कमेंट म्हणजे माणसांसाठीची टीप, मशीन ती सोडून देतं. वर एक खूण करायची: आतलं की बाहेरचं. ग्लेनने एक छोटा प्रोग्रॅम करून दिला होता, तो या सगळ्या टिपा गोळा करून त्यांचं मॅन्युअल छापायचा. फायदा असा, की फंक्शन बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच टीप असते, त्याला माहीत नव्हतं म्हणायची सोय राहत नाही.

मी रोज सकाळी खुर्ची ओढून ग्लेनशेजारी बसायची आणि त्याचं डोकं खायची. हे काय करतं? एका वाक्यात सांग. याला कोण हाक मारतं, म्हणजे कुठलं फंक्शन याला कामाला लावतं? फाइल मोडकी निघाली तर? आधी तो वैतागायचा. मग हळूहळू त्याला त्यात रस यायला लागला. कुणी इतक्या बारकाईने त्याचं काम ऐकूनच घेतलं नव्हतं. मध्येच थांबून म्हणायचा, "थांब, हे मी असं का केलंय?" आणि स्वतःच हसायचा.

आमचं अडायचं ते एकाच प्रश्नावर. फंक्शनला काम करायला मेमरी लागते, ती कॉम्प्यूटरकडून मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची. आता एका फंक्शनने मागितली आणि दुसऱ्याच्या हाती दिली, तर परत कुणी करायची? कुणीच केली नाही तर मेमरी भरत जाते. दोघांनी केली तर प्रोग्रॅम कोसळतो. मी हे विचारलं की ग्लेन म्हणायचा, "ते उघड आहे." अरे बाबा, कुणाला उघड आहे?

मग डब्याची गोष्ट घडली. मी लॉइसला डब्यातून शंकरपाळे पाठवले होते. तिने डबा घासूनपुसून लख्ख परत केला. मी ग्लेनला हसत म्हटलं, "आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात." तो घाबरलाच. त्याने घरी जाऊन सांगितलं, लॉइसने सफरचंदाचा गोड पाय भाजून पाठवला, मी त्या भांड्यातून चिवडा पाठवला, आणि मग ते जे सुरू झालं ते आम्ही गाव सोडेपर्यंत थांबलं नाही. पण त्या दिवशी मी ग्लेनला म्हटलं, "मेमरीचंही हेच विचारतेय मी. डबा कुणी परत करायचा?"

त्याला एकदम पटलं. तेव्हापासून आमच्या ऑफिसात तो शब्द रुळला. फिलसुद्धा "हूज डाबा?" म्हणून ओरडायचा. आणि आतल्या फंक्शनांच्या प्रत्येक टिपेत मी शेवटी एक ओळ घालायला लागले. इंग्रजी अक्षरांत DABBA, आणि पुढे कुणी परत करायचा ते. आतलंच तर मॅन्युअल होतं, बाहेरचं कोण वाचणार?

एका फंक्शनवर आमचं चांगलंच वाजलं. त्याचं नाव गल्प, म्हणजे घोट; इंग्रजीत चारच अक्षरं, म्हणून त्यातला स्वर वाचलेला. नावांचा अख्खा तक्ता एका घोटात वाचून मेमरीत आणायचा आणि हाक मारणाऱ्याच्या हाती द्यायचा. मी विचारलं, "तक्ता रिकामा निघाला तर?"

"तरी डबा हाक मारणाऱ्याचाच. रिकामा असला म्हणून काय झालं? परत त्यानेच करायचा."

"नक्की?"

"सू, मी लिहिलंय ते."

मी लिहून टाकलं: DABBA हाक मारणाऱ्याचा, नेहमी, तक्ता रिकामा असला तरी. आणि पुढच्या फंक्शनला लागले.

जूनमध्ये मॅन्युअल पूर्ण झालं. ग्लेन आणि लॉइस निघाले त्या सकाळी लॉइसने ऑफिसखाली गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवत बसली, वर यायलाही तयार नव्हती. ग्लेन जिना उतरताना दोनदा परत आला. फिलने ऑरेगनच्या बहिणीचा नंबर त्याच्याकडून मागून घेतला. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, हा गृहस्थ शब्द पाळणार नाही.

इथे फिलने एक घोळ घालून ठेवला होता. गिऱ्हाइकांना नवी टेप जायची होती, सोबत छापील मॅन्युअल. त्याने बाहेरचं मॅन्युअल छापायच्या ऐवजी सगळंच छापलं, आतलं-बाहेरचं मिळून. गठ्ठा केवढा जाड झालाय हे बघून तो भलताच खूश झाला. पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल लोकांना, म्हणाला. गिऱ्हाइकांपैकी बेलव्ह्यूचे एक गृहस्थ आमचं प्रत्येक मॅन्युअल लाल पेनने तपासून परत पाठवायचे, स्वल्पविरामांसकट. त्यांनी हे जाडजूड प्रकरण बघून पाकिटात नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं. तेव्हाही आम्हांला उलगडा झाला नाही.

उलगडा झाला तो फोनने. डॅलसजवळच्या अर्विंगहून आमचं एक मोठं गिऱ्हाईक बोलत होतं. फिल ऐकता ऐकता पांढरा पडला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतोय," त्याने फोन माझ्या हातात दिला. "डाबा म्हणतोय तो. याला डाबा कसा माहीत?"

मी हॅलो म्हटलं.

"मॅडम, तुम्ही मराठी का?" पलीकडून सरळ मराठीत. "मी पानसे, मूळचा ठाण्याचा. कमेंटमध्ये डब्बा वाचलं आणि म्हटलं, हे आपल्याकडचंच माणूस असणार. आयुष्यात पहिल्यांदा मॅन्युअल वाचून हसलो यार. पण ताई, मी मेलोय इथे. तुमचं ते गल्प मी डायरेक्ट कॉल केलं. तुम्ही लिहिलंय की डब्बा कॉल करणाऱ्याने परत करायचा. मी परत केला. प्रोग्रॅम क्रॅश होतो. सोमवारी मोठ्या साहेबांपुढे डेमो आहे, आणि आमचा मॅनेजर म्हणतो, लायब्ररीच कॅन्सल करा."

"अहो पानसे, गल्प आतलं फंक्शन आहे. तुम्ही त्याला हाक मारायचीच नाही."

"मग छापलंत कशाला? आणि एवढं छान लिहिलंत कशाला? वाचलं की वापरावंसं वाटतंच ना."

मनातून मला गुदगुल्या झाल्या हे कबूल करते. पण फिल समोर घामाघूम झाला होता. मराठी त्याला कळत नव्हती, माझ्या चेहऱ्यावरून काय ते ताडत होता, आणि मी हसले की अजूनच घाबरत होता. तासाभरात फोन करते असं पानशांना सांगून मी फोन ठेवला, तो फिलने उचलला. ऑरेगनचा नंबर फिरवायला लागला.

मला तेव्हा जे सुचलं ते मी केलं. फोनच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि लाइन तोडली.

"तुला नोकरी नकोय का?" फिल म्हणाला.

"हवीय. पण आधी वाच. याच्यासाठीच लिहून घेतलंस ना माझ्याकडून?"

मी बोट काढलं नाही. लॉइस त्या वेळी कुठल्या वाळवंटातून गाडी हाकत असेल, आणि बहिणीच्या दारात पोचल्या पोचल्या तिला फिलचा निरोप मिळेल, हे मला सहनच होत नव्हतं. शेवटी फिलने फोन खाली ठेवला. आम्ही दोघं ग्लेनच्या टर्मिनलपाशी बसलो.

गल्पच्या डोक्यावरची माझी टीप वाचली. तिच्याखालचं फंक्शन वाचलं. सगळं टिपेप्रमाणे होतं, फक्त एका जागी नव्हतं. तक्ता रिकामा निघाला, तर गल्प डबा स्वतःच परत करून टाकत होतं, आणि तरी हाक मारणाऱ्याला सांगत होतं की हा घे तुझा डबा. पानशांच्या फायलींतली नावं त्यांच्या कंपनीने जागा वाचवायला मुद्दाम काढून टाकलेली, म्हणजे तक्ता रिकामा. एकच डबा दोनदा परत. आमच्या स्वतःच्या फंक्शनांना हे कधी बाधलं नव्हतं, कारण ती सगळी तक्ता रिकामा नाही ना हे आधी बघून मगच गल्पला हाक मारायची.

"मग बरोबर काय?" फिलने डोकं धरलं. "तुझी टीप की ग्लेनचं फंक्शन? हे ग्लेनलाच विचारावं लागेल."

"मी विचारलंय," मी म्हटलं. "रिकामा असला तरी डबा हाक मारणाऱ्याचा. त्याचे शब्द आहेत. भांडून घेतलेत मी ते."

या धंद्यात मला काही अभिमान असेल तर तो एवढाच. फंक्शन काय करतं हे फंक्शन वाचून कळतं. त्याने काय करायला हवं होतं हे कुणीतरी विचारून लिहून ठेवावं लागतं. फिलला ते त्या क्षणी कळलं. तो म्हणाला, "कर दुरुस्त." मी केलं. C मधलं माझं पहिलं काम म्हणजे एक ओळ खोडणं.

पानशांना फोन करून सांगितलं, नवी टेप येईपर्यंत तक्ता रिकामा असला तर गल्पला हाकच मारू नका. टेप कुरिअरने गेली. मंगळवारी त्यांचा फोन आला. डेमो झाला होता, मॅनेजर खूश, आणि आमच्या या उद्योगी माणसाने मध्यंतरी आणखी दोन आतली फंक्शनं वापरायला घेतली होती. शेवटी ती बाहेरची म्हणून जाहीर करावी लागली. ती मशीनं आता भंगारात गेली, टेपही गेल्या. त्या मॅन्युअलची एक प्रत तरी जपून ठेवायला हवी होती असं अधूनमधून वाटतं.

महिन्याने ग्लेन आला. नाक उन्हाने सोललेलं, डोक्यावर नवी टोपी. बसायच्या आधीच त्याने विचारलं, "किती वेळा फोन करायला निघाला होता फिल?"

"एकदा. मी कापला."

"एकदाच?"

मी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने खोडलेली ओळ बघितली. "बरोबर आहे," म्हणाला. "मी असंच केलं असतं." आणि त्याने खिशातलं सफरचंद न खाता तसंच टेबलावर ठेवून दिलं.

मी मनातून चिडले. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तो माणूस असा तोंड पाडून बसतो म्हणजे काय? संध्याकाळी लॉइसचा फोन आला तेव्हा कळलं. ती बाई इतकी आनंदात होती की पॅसिफिकचं वर्णनच संपेना. मग म्हणाली, "पहिला आठवडा ग्लेन लहान मुलासारखा होता. दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक मोटेलात विचारायचा, माझ्यासाठी काही निरोप आहे का? माझ्या बहिणीकडे तर फोनशेजारचीच खुर्ची धरून बसला. सू, त्याला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सुट्टी तिची होती. त्याच्या हातून मी काय काढून घेतलं होतं ते मला त्या फोनवर कळलं.

पुढच्या आठवड्यात सकाळी ऑफिसात गेले तर ग्लेनने एक नवीन फंक्शन लिहून ठेवलेलं. पडद्यावर उघडंच होतं. नावात एक स्वर नाही, डोक्यावर एक ओळ कमेंट नाही. तो पाठमोरा बसून शू-लेस बांधत होता, उगाचच बराच वेळ.

मी उभ्या उभ्या ते वाचलं. एव्हाना मला वाचता यायला लागलं होतं. काय करतं, कोण हाक मारणार, डबा कुणाचा, सगळं समजलं.

"ग्लेन," मी म्हटलं, "हे काय आहे? मला काहीच कळत नाहीये."

तो वळला. "बस," म्हणाला, "जरा वेळ लागेल सांगायला."